पाणी मारूनही नॉकिंग परत येतंय? टायमिंगला नंतर हात लावा

तक्रारीचा साचा ठरलेला असतो. सुपरचार्जरची (इंजिनात हवा कोंबणाऱ्या, बेल्टवर फिरणाऱ्या ब्लोअरची) पुली लहान करून घेतली, त्या हवेत पाण्याचा फवारा मारणारा वॉटर इंजेक्शनचा किट बसवला, डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावून घेतलं. एक-दोन महिने गाडी झकास पळते. मग एखाद्या दुपारी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे गाडी मलूल होते. लॉग (नोंदी) काढावा तर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटून बसणारे ठोके) ऐकून चार-पाच अंश टायमिंग मागे ओढलेलं दिसतं. ट्यूनर तक्त्यातून दोन अंश काढून देतो, लक्षण थांबतं आणि महिन्याभरात पुन्हा सुरू होतं. अशा फेऱ्या झाल्या की गाडी कंपनीच्या मूळ टायमिंगच्याही मागे येऊन बसते. पंप, टाकी, नळ्या हे सगळं लोढणं अंगावर, आणि फायदा काही नाही.

टायमिंगच्या तक्त्यातले आकडे आपले आपण बदलत नाहीत. जो तक्ता एप्रिलमध्ये बरोबर होता तो जूनमध्ये चुकीचा ठरत असेल, तर बदललंय दुसरंच काहीतरी. बहुतेक वेळा ते पाणी असतं: कमी येतंय, उशिरा येतंय, चारही सिलिंडरना सारखं पोचत नाहीये, नाहीतर सेन्सरला फसवतंय. हे शोधायच्या आत टायमिंग कमी केलं तर फक्त पुरावा पुसला जातो.

उदाहरणासाठी गाडी घेतोय आर ५३ मिनी कूपर एस, २००२ ते २००६ मधली. दुबई-शारजात या गाड्या अजून बऱ्याच फिरतात आणि इथल्या उन्हाळ्यात तिचं दुखणं लवकर बाहेर येतं. १५९८ सीसी, कॉम्प्रेशन ८.३:१, ईटनचा एम ४५ सुपरचार्जर, आणि इंटरकूलर बसवलाय थेट इंजिनच्या डोक्यावर. त्याला हवा मिळते बॉनेटवरच्या स्कूपमधून. हवेचा रस्ता असा: थ्रॉटल, मग सुपरचार्जर, मग इंटरकूलर, मग मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारी नळी). थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी आहे हे लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे. दुसरी कुठली रूट्स जातीच्या (दोन रोटरवाल्या) ब्लोअरची गाडी असेल तरी तर्क तोच, आकडे तेवढे आपले घाला.

पाण्याकडून अपेक्षा किती ठेवायची

बाहेर ४० अंश आहे आणि लहान पुलीवर बूस्ट (हवेचा जादा दाब) ०.९ बार मिळतोय असं धरू. ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर त्याच्या तोंडातून निघणारी हवा दीडशे अंशांच्या पुढे असते. चालत्या गाडीत इंटरकूलर ती ७०-८० वर आणतो. शेख झायेद रोडवर ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलात की तोच इंटरकूलर खालच्या इंजिनच्या उष्णतेने भिजून निघतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या मिनिटात तो थंड करण्याऐवजी तापवायचंच काम करतो.

दोनशे अश्वशक्तीच्या आसपास या इंजिनात सेकंदाला साधारण १५० ग्रॅम हवा जाते आणि मिनिटाला लिटरभर पेट्रोल. पाणी पेट्रोलच्या १५ टक्के धरलं, तर मिनिटाला १५० ते १६० मिलिलिटर. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोला सुमारे २३०० ते २४०० किलोज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या सहा-सात पट. हिशोब केला तर एवढं पाणी पूर्ण वाफ होऊन हवेचं तापमान कागदावर ४० अंशांनी खाली आणू शकतं. प्रत्यक्षात मॅनिफोल्डमध्ये त्यातलं काहीच वाफ होतं, बाकीचं सिलिंडरमध्ये, कॉम्प्रेशनच्या वेळी. त्यामुळे सेन्सरवर १५ अंशांचाच फरक दिसला म्हणून निराश होऊ नका. सिलिंडरमध्ये वाफ होणारं पाणीच नॉकिंगला जास्त आवर घालतं.

इथे हमखास विचारलं जातं, की दमट हवेत हे चालतं का? नागपुरात कूलर चालतो, मुंबईत नुसता ओलसर वारा मिळतो, तसंच दुबईच्या ऑगस्टमध्ये होणार ना? थोडंसं. मुंबईत कूलरला ३०-३५ अंशांची हवा मिळते. इथे हवा ८० अंशांची असते आणि ती बरंच पाणी पिऊ शकते. दमट रात्री कागदावरचे ४० अंश तीसेक होतात, एवढंच. शिवाय हवेतली वाफ स्वतःच नॉकिंग थोडं दाबते. दमट रात्री गाडी किंचित कमी ओढते पण नॉक कमी करते, असं दिसलं तर ते बरोबरच आहे.

आधी हे नॉकिंगच आहे का?

पाय दाबल्यावर गाडी मलूल होण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्ही सीटवर बसून सारखीच वाटतात.

पहिलं खरं नॉकिंग: लॉगमध्ये टायमिंग मागे गेलेलं, एअर-फ्युएल आकडा जवळपास जागेवर, एक्झॉस्टचं तापमान चढलेलं.

दुसरं मिसफायर: टायमिंग जागेवर, पण वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) एकदम लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. पाणी जास्त झालं किंवा प्लगची गॅप मोठी असली की ठिणगी विझते आणि हे होतं. यावर टायमिंग कमी करून काहीही होत नाही. प्लगची गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणा, कॉइल आणि तारा बघा, आणि पाणी कमी करून पाहा.

तिसरं खोटं नॉकिंग. नॉक सेन्सर ऐकतो तो आवाज. या इंजिनाचा बोअर ७७ मिलिमीटर, त्यावरून नॉकिंगचा सूर साधारण ७.४ किलोहर्ट्झला येतो. पण सैल हीटशील्ड, बेल्ट टेन्शनरचा खडखडाट, ब्लोअरचे गिअर यांचा आवाजही सेन्सरला टोचू शकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: त्या आरपीएमला टायमिंग मुद्दाम तीन अंश कमी करा. खरं नॉकिंग असेल तर नोंदी कमी होतील किंवा गायब होतील. नोंदी त्याच आरपीएमला तेवढ्याच राहिल्या, तर तो लोखंडाचा आवाज आहे, ज्वलनाचा नाही. इंजिन ब्लॉकला बोल्टने चेपलेली तांब्याची नळी आणि दुसऱ्या टोकाला कानबंद हेडफोन ही जुनी जुगाडू पद्धत अजूनही कुठल्याही ॲपपेक्षा खरं सांगते. नॉकिंगचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही, पत्र्यावर फुटाणे पडल्यासारखा.

ही चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नका. दंडाचं सोडा, सहा हजार आरपीएमला कान हेडफोनमध्ये आणि डोळे लॅपटॉपवर असणारा माणूस रस्त्यावर नकोच. डायनो नाहीतर ट्रॅक. डायनोवर एक खोट असते: पंखा समोर ठेवतात आणि या गाडीचा स्कूप बॉनेटवर, त्यामुळे इंटरकूलरला पुरेशी हवा मिळत नाही. स्कूपवर वेगळा ब्लोअर धरायला सांगा, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या रनला दिसणारं नॉकिंग डायनोनेच तयार केलेलं असेल.

पाणी बंद करून बघा

टायमिंग कंपनीच्या मूळ तक्त्यावर आणा, ९८ ऑक्टेनचं सुपर पेट्रोल भरा, पाणी पूर्ण बंद ठेवा. अशा वेळी पूर्ण बूस्टवरही गाडी नॉक करत असेल, तर दुखणं पाण्याचं नाही. मग साध्या गोष्टी बघायच्या: कूलंट तापतोय का (या गाडीत वॉटर पंप सुपरचार्जरच्या मागच्या गिअरवर चालतो, आणि त्या गिअरमधलं तेल जुन्या गाड्यांत आटलेलं असतं), इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट गळतात का, इंजेक्टर वरच्या आरपीएमला पुरे पडतात का.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणी बघत नाही: इंटरकूलरमधलं तेल. क्रँककेसमधून येणारा तेलाचा धूर ब्लोअरमधून थेट इंटरकूलरमध्ये जातो. इंजिनात जाणारी तेलाची वाफ पेट्रोलचं ऑक्टेन खाली ओढते. इंटरकूलर उतरवा आणि उलटा करा. चमचाभर तेल निघणं चालतं, वाटीभर निघालं तर कॅच कॅन (धुरातलं तेल अडवणारा डबा) लावल्याशिवाय कुठलंही ट्यूनिंग टिकणार नाही. नॉझल इंटरकूलरच्या आधी असेल तर पाणी आणि तेल मिळून पांढरट लोण्यासारखा थर जमतो, तो इंटरकूलरच्या पात्यांवर बसतो आणि थंड करायची ताकद आणखी घटवतो.

मूळ टायमिंगवर, पाण्याशिवाय गाडी शांत असेल, तर संशयित एकच उरतो.

पाणी मोजा, अंदाज करू नका

नॉझल काढा, मोजपात्रात धरा, पंप एक मिनिट चालवा. बस. किट बसवणाऱ्यांपैकी फार थोडे जण हे कधी करतात, आणि वारंवार येणाऱ्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

नॉझलमधला प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. नॉझलवर ७ बारला १६० मिलिलिटर लिहिलंय आणि पंप १० बार देतो, तर मोकळ्या हवेत साधारण १९० भरायला हवेत. इंजिनात समोरून ०.९ बारचा बूस्ट असतो, त्यामुळे तिथे १८० पडतील. आता पात्रात १४० भरले समजा. नळीला प्रेशर गेज लावा. गेज १० दाखवतं आणि पाणी १४० येतं, तर नॉझल चोंदलंय. गेजच साडेपाचच्या आसपास थांबतं, तर पंप थकलाय किंवा त्याला वीज पुरत नाही. पंप चालू असताना त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११ असेल, तर अर्थिंग किंवा रिले बघा. पंप बदलायला निघालेल्या कितीतरी गाड्या एका गंजलेल्या अर्थ बोल्टवर सुधारतात.

नॉझल का चोंदतं? त्याचं भोक असतं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नळाच्या पाण्यातले क्षार गरम नॉझलच्या तोंडावर बसतात: पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. पहिल्या महिन्यात फवारा धुक्यासारखा, तिसऱ्या महिन्यात एका बाजूला पिचकारी. थेंब मोठे झाले की ते हवेबरोबर वळत नाहीत, वळणावर भिंतीवर आपटतात आणि तिथून ओघळत ज्या सिलिंडरला सोयीचं त्याला जातात. मग एका सिलिंडरला पाणीच पाणी, दुसरा कोरडा. कोरडा नॉक करतो आणि ट्यूनर चौघांचं टायमिंग कमी करतो.

म्हणून डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच वापरा, बॅटरीत घालतात ते. इथे बरेच जण एसीच्या नळीतून गळणारं पाणी साठवून वापरतात, फुकटही आणि ‘डिस्टिल्डच तर आहे’ म्हणून. त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ आणि बुळबुळीत शेवाळ त्याबरोबर येतं आणि उन्हात तापणाऱ्या टाकीत ते आनंदाने वाढतं. वापरायचंच असेल तर बारीक फिल्टरमधून गाळा आणि टाकी महिन्याला रिकामी करून धुवा. नॉझलच्या आधीचा जाळीचा फिल्टर काढून बघायची तसदी घ्या. बऱ्याचदा नॉझल स्वच्छ असतं आणि फिल्टरवर हिरवा थर असतो.

चोंदलेलं नॉझल व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं की बहुतेक वेळा सुटतं. सुईने टोकरू नका, भोकाची कड गेली की फवारा कायमचा गेला.

चारही सिलिंडरना पाणी सारखं जातंय का हे बघायला पूर्ण बूस्टच्या रननंतर लगेच इंजिन बंद करून चारही प्लग काढा आणि ओळीने ठेवा. एकाच प्लगच्या पोर्सेलिनवर बारीक काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर तो सिलिंडर नॉक करतोय. यावर उपाय टायमिंग नाही. नॉझल मॅनिफोल्डच्या तोंडापासून शक्य तितकं मागे, सरळ पट्ट्यात आणि हवेच्या प्रवाहाच्या मध्यावर हवं.

सुपरचार्जरची खास अडचण: पाणी उशिरा पोचतं

किटबरोबर येणारे बहुतेक सल्ले टर्बोसाठी लिहिलेले असतात. टर्बोत बूस्ट चढायला वेळ लागतो, तेवढ्यात पंप जागा होतो, नळी भरते, फवारा सुरू होतो. रूट्स ब्लोअर बेल्टवर फिरतो; पाय दाबला की बूस्ट तिथल्या तिथे. पंप सुरू होऊन दाब येईपर्यंत अर्धा सेकंद जरी गेला, तरी इंजिन तेवढा वेळ पाण्याशिवाय पाण्याच्या टायमिंगवर चालतं. लॉगमध्ये नॉकिंगची नोंद पाय दाबल्याच्या क्षणी दिसते आणि पुढे वरच्या आरपीएमला सगळं शांत, तर कारण हेच समजा. ईसीयू एकदा मागे घेतलेलं टायमिंग हळूहळू परत देतो, त्यामुळे तुम्हाला मात्र सगळी रनच मलूल वाटते.

यावर उपाय म्हणजे नळी सतत भरलेली आणि दाबाखाली ठेवणं. सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह नॉझलच्या अगदी जवळ बसवा, पंपाजवळ नाही. पंप ०.२-०.३ बार बूस्टलाच सुरू होऊ द्या. आणि टायमिंगच्या तक्त्यात ३००० ते ४००० आरपीएमच्या रकान्यांत पाण्याच्या भरवशावर काही वाढवूच नका. तिथे मिळून मिळून मिळणार किती?

दुसरी अडचण प्रमाणाची. ब्लोअरमधून जाणारी हवा आरपीएमच्या प्रमाणात वाढते. ३४०० ला जेवढी, ६८०० ला त्याच्या जवळपास दुप्पट. प्रेशर स्विचवरचं एकच नॉझल मात्र दोन्हीकडे तेवढंच १८० ओततं. वर १८ टक्के असलेलं प्रमाण खाली ३६ होतं, गाडी खाली घुटमळते, म्हणून मालक लहान नॉझल लावतो, आणि मग वर पाणी कमी पडून नॉकिंग. हा घोळ मी फार पाहिलाय. बूस्टवर चालणारा प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर थोडी मदत करतो, पण ५००० नंतर बूस्ट फारसा वाढत नाही आणि हवा वाढतच राहते. शिवाय पंपाचा वेग कमी करून प्रवाह अर्धा करायचा तर दाब चौथाईवर आणावा लागतो, १० बारचा अडीच, आणि अडीच बारला धुकं पडत नाही, थेंब पडतात. दाब कायम ठेवून वेगवान व्हॉल्व्ह पेट्रोलच्या इंजेक्टरच्या ड्यूटीप्रमाणे (तो किती वेळ उघडा राहतो त्यानुसार) उघड-बंद करणारी पद्धत महाग आहे, पण सुपरचार्जरसाठी मला तीच पटते. बजेट नसेल तर दोन नॉझल: एक लहान कमी बूस्टला, दुसरं ५००० च्या वर आरपीएम स्विचवर.

उलट बाजू: नको तेव्हा पाणी

सकाळी गाडी सुरू करताना घुरघुर, आयडलला थरथर, सिग्नलवर टाकीतलं पाणी कमी होणं. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी आहे म्हटलं ना, त्यामुळे आयडलला ब्लोअर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड सगळंच व्हॅक्यूममध्ये असतं. नॉझल त्यातल्या कुठल्याही ठिकाणी असलं तरी इंजिन नळीतून पाणी ओढतं. ‘टाकी डिकीत खाली ठेवली की झालं’ हा समज चुकीचा आहे. ०.६ बारचा व्हॅक्यूम पाणी सहा मीटर वर चढवू शकतो, आणि एवढी उंच मिनी कुणाकडे नाही. साधा चेक व्हॉल्व्हही पुरत नाही, कारण प्रवाहाची दिशा तीच असते. ठराविक दाबाशिवाय न उघडणारा व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइडच हवा. आणि टाकी नॉझलच्या वर तर कधीच नको. या इंजिनात पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम ५५ सीसी. रात्रभर ठिबकून तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये साचलं, तर सकाळी स्टार्टरबरोबर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ब्लोअरच्या आधी पाणी मारणारेही आहेत. रोटरमधल्या फटी पाण्याने बुजतात आणि हवा थंडही होते, हे खरं. पण ईटनच्या रोटरवर लेप असतो आणि थेंब मोठे असले की तो झिजतो. रोजच्या गाडीत मी ते करणार नाही.

ओला सेन्सर

ही सगळ्यात फसवी जागा. मॅनिफोल्डवर दाब आणि तापमानाचा एकत्र सेन्सर असतो. नॉझल त्याच्या आधी आणि जवळ असेल, तर थेंब सेन्सरवर बसतात आणि तो हवेचं नाही, स्वतःच्या ओल्या टोकाचं तापमान सांगतो. हवा ६५ अंश, सेन्सर म्हणतो ४०. ईसीयू खूश होतो आणि गरम हवेसाठी राखून ठेवलेली टायमिंगची कपात उठवतो. म्हणजे तुम्ही दोन अंश वाढवलेत आणि ईसीयूने वर आणखी दोन-तीन.

लॉगमध्ये खूण स्पष्ट असते: पाणी सुरू होताच तापमानाचा आकडा कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो आणि पाणी थांबल्यावर बराच वेळ वर येत नाही. खरी हवा इतकी झटपट थंड होत नाही. नॉझल सेन्सरच्या पुढे न्यायला जागा नसते, तेव्हा सेन्सर हलवा, किंवा तापमानावरची टायमिंगची दुरुस्ती पाणी सुरू असलेल्या भागात सपाट करून टाका.

आता टायमिंग

वरचं सगळं जुळल्यावर टायमिंगचं काम जवळजवळ कंटाळवाणं आहे. आधी पाण्याशिवाय, ९८ वर, गाडी जिथपर्यंत शांत राहते तो तक्ता पक्का करा आणि जपून ठेवा. मग त्याच टायमिंगवर पाणी सुरू करा. ताकद किंचित कमी झाली तर घाबरू नका: पाण्याने ज्वलन मंदावतं, त्यामुळे सिलिंडरमधला सर्वोच्च दाब उशिरा येतो. तो पिस्टन वरच्या टोकावरून उतरायला लागल्यावर १२ ते १६ अंशांच्या आसपास यायला हवा, आणि म्हणूनच पाण्याला थोडं जास्त ॲडव्हान्स (ठिणगी आणखी आधी) लागतं. नुसतं पाणी मारून टायमिंग न हलवणाऱ्याला ताकद मिळत नाही, ती यामुळे.

४५०० च्या वरच्या, पूर्ण बूस्टच्या रकान्यांत एकेक अंश वाढवत जा. प्रत्येक वेळी तेच गिअर, तोच आरपीएमचा पट्टा, आणि रन सुरू होताना हवेचं तापमानही शक्यतो तेच. टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा. पुढचा अंश फक्त बेअरिंगवर भार टाकतो. त्याआधी नॉकिंग आलं तर तिथून दोन अंश मागे. हा शेवटचा आकडा गरम दिवशी ठरवा. जानेवारीच्या सकाळी लावलेलं टायमिंग जूनमध्ये नॉक करतं, यात बिघाड काहीच नाही. किंवा अल ऐनच्या जेबेल हफीत डोंगरासारख्या चढावर एकदा लॉग काढा: वेग कमी, भार जास्त, स्कूपला वारा नाही. तिथे शांत राहिली तर कुठेही राहील.

पाण्यासह आणि पाण्याशिवाय या दोन तक्त्यांतला फरक मी चार अंशांपुढे जाऊ देत नाही, आणि मला वाटतं रस्त्यावरच्या गाडीला तेवढा पुरे. नॉझल चोंदलं तर ईसीयूची नॉक-नियंत्रण यंत्रणा चार अंश सांभाळून घेईल. आठ अंश सांभाळायच्या आत पिस्टनची कड गेलेली असते.

मिथेनॉल मिसळायचं का? निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी हे जुनं मिश्रण. जर्मन लढाऊ विमानांचं एमडब्ल्यू ५० हे ५० टक्के मिथेनॉल, ४९.५ टक्के पाणी आणि उरलेलं अर्धा टक्का गंज रोखणारं तेल असं होतं, आणि ती इंजिनंही सुपरचार्ज्डच. त्या अर्ध्या टक्क्यावरून घ्यायचं ते घ्या: मिथेनॉल ॲल्युमिनियम आणि रबराला खातं. शिवाय ते स्वतः इंधन आहे, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त होतं आणि पेट्रोल कमी करावं लागतं. मग मिथेनॉल थांबलं की इंजिन लीनही होतं आणि ॲडव्हान्सही राहतं, दोन्ही एकदम. ते विषारी आहे आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. या गाडीला नुसत्या पाण्याने भागतं.

पाणी थांबलं तर

टाकीतली पातळी दाखवणारा दिवा म्हणजे फेलसेफ (बिघाड झाला की इंजिन वाचवणारी सोय) नाही. टाकी भरलेली असताना नॉझल चोंदतं, नळी निसटते, पंप मरतो. प्रवाह मोजणारा सेन्सर नॉझलच्या आधी हवा, आणि त्याला दोन्ही मर्यादा हव्यात: कमी झाला तर चोंदलंय, जास्त झाला तर नळी निघालीय. मर्यादा ओलांडली की ईसीयूने आपणहून जपून ठेवलेल्या जुन्या तक्त्यावर जायला हवं. मूळ ईसीयूत तशी सोय करता येत नसेल, तर निदान सुपरचार्जरचा बायपास (हवा परत फिरवणारी झडप) उघडा ठेवून बूस्ट पाडणारा सोलेनॉइड बसवा. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी-मिथेनॉलची बाटली रिकामी झाली की बूस्टवर आपोआप मर्यादा येत असे, तीही कुठल्याही संगणकाशिवाय. आजच्या किटमध्ये ही सोय बऱ्याचदा ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळ्या किमतीला विकतात. ती आधी घ्या, मोठा पंप नंतर. बसवल्यावर पंपाचा फ्यूज काढून एकदा हळूच बूस्टमध्ये जा आणि लॉगमध्ये टायमिंग खरंच खाली येतंय ना ते बघा. मोजपात्राची चाचणी मग दर तेलबदलीला करत राहा. आकडा दहा टक्क्यांनी घसरला की नॉझल आणि फिल्टर उतरवायचे, टायमिंगचा तक्ता उघडायचाच नाही.